दोन लोन

भैरू नलवडेला त्या शनिवारचा सामना जिंकून काय काय मिळणार होतं, हे भैरूपेक्षा मला जास्त पाठ होतं. बँकेतली कायम नेमणूक तर होतीच. नेमणुकीबरोबर टेबल यायचं आणि टेबलाच्या ड्रॉवरची किल्ली यायची. तात्पुरत्या कारकुनाला ड्रॉवर मिळे, पण किल्ली हेडक्लार्कच्या कमरेला राही. शिवाय पंख्याखालची जागा. आणि जे भैरू कुणाला सांगत नव्हता पण साऱ्या पिंपरणीला ठाऊक होतं, ते म्हणजे एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोलर थोरातांची प्रभा. थोरातांनी व्यवहार एका दमात मांडला होता. "मी खेळाडूला मुलगी देत नाही. कायम कारकुनाला देतो. तो कारकून फावल्या वेळात खेळला, तर माझी ना नाही."

आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. त्या काळी आमच्या भागात बँक, साखर कारखाना, दूध संघ, ज्याला त्याला आपला कबड्डीचा संघ लागायचा. चांगला चढाईपटू दिसला की त्याला धरून आणायचं, मस्टरवर सही करायला शिकवायचं आणि कारकून म्हणायचं. भैरूला आमच्या पिंपरणी अर्बन बँकेनं असाच उचलला होता. उंच, काटक, आणि पाय असे की जमिनीला लागतात की नाही याची शंका यावी. त्या हंगामात एकाही संघाला त्याचा घोटा धरता आला नव्हता.

मी त्या बँकेचा पिग्मी एजंट. सकाळ-संध्याकाळ दुकानोदुकानी फिरून लोकांची रोजची बचत गोळा करायची, हे माझं काम. दुपारी मोकळा असतो, या एका गुणावर चेअरमन नानासाहेब डुबलांनी मला संघाचा मॅनेजर केलं. लिंबं चिरणं, पोरांचे शर्ट सांभाळणं आणि हरलो तर पहिली शिवी खाणं, असं ते पद होतं.

पण त्या शनिवारी शिवी खायची वेळ आली नाही. शेजारच्या तालुक्यातल्या साखर कारखान्याला आम्ही त्यांच्याच मैदानावर, त्यांच्याच माणसांदेखत लोळवलं. दोनदा त्यांचं अंगण रिकामं केलं. कबड्डीत समोरचे सातही गडी बाद झाले की त्याला लोण म्हणतात. वर दोन गुण जादा मिळतात, आणि लोण बसलेल्या संघाला गावात तोंड दाखवायला लाज वाटते. आम्ही दोन लोण दिले. त्यातला दुसरा तर भैरूनं जवळजवळ एकट्यानं.

कारखान्याच्या ऑफिसात फोन होता. घाम पुसायच्या आधी भैरूनं बँकेला फोन लावला. बँक बंद झालेली, पण आमचा शिपाई दस्तगीर मुजावर निकालाची वाट बघत फोनपाशी बसला होता.

"दस्तगीर? मी भैरू! अरं जिंकलो! दोन लोन दिलं कारखान्याला! व्हय, दोन! कारखाना पार बुडाला! नानासाहेबांना सांग. आन् फळ्यावर लिही, समद्या गावाला कळू दे!"

मी शेजारीच उभा होतो. त्यात एक शब्द खोटा नव्हता. आमच्याकडं बोलताना पाणी पानी होतं, लोणी लोनी होतं, तसाच लोणही लोन होतो. मैदानावर त्यानं कुणाचं काही अडत नाही. दस्तगीरनं ते बँकेच्या दारात लिहिलं, एवढंच झालं.

रविवारी कारखान्यानं हरल्याचं दुःख मटणात बुडवलं आणि आम्ही जिंकलो म्हणून आम्हालाही पंगतीला बसवलं. त्यामुळं आम्ही निघालो ते सोमवारच्या पहिल्या एस.टी.नं. गाडी पिंपरणीच्या बाजारपटांगणाला वळली, तसा भैरू खिडकीतून अर्धा बाहेर गेला.

"काका! पोतदारकाका! बघा तरी!"

बँकेच्या दारात ही गर्दी! पायरीपासून सुरू झालेली रांग पटांगण ओलांडून पार सायकलच्या दुकानाला वळसा घालून गेलेली.

"आपल्या स्वागताला गाव लोटलंय," भैरू म्हणाला आणि खिशातून कंगवा काढला. "हार आणल्यात का बघा हो. हातात कायतरी हाय सगळ्यांच्या."

मी चष्मा पुसला. हातात पासबुकं होती.

पण तोवर भैरू चषक डोक्यावर धरून खाली उतरला होता. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "हाच न्हवं का तो, कारखान्याला पैशे देऊन आलेला? आन् भांडं कसलं आणलंय बघा. एवढंच हाताला लागलं वाटतं."

बँकेच्या दाराशी फळा होता. एरवी त्यावर ठेवींचे व्याजदर लिहिलेले असत. दस्तगीरला जागा पुरेना, म्हणून त्यानं व्याजदर पुसून टाकले होते आणि रंगीत खडूनं, वेलबुट्टी काढून लिहिलं होतं:

'आपल्या बँकेने कारखान्याला दोन लोन दिले. कारखाना साफ बुडाला. अभिनंदन!'

काल रविवार, आठवडी बाजार. आसपासच्या सगळ्या गावांतलं माणूस त्या फळ्यावरून गेलं होतं. ज्याला वाचता येत होतं त्यानं वाचलं, ज्याला येत नव्हतं त्यानं जास्त नीट सांगितलं. बाजार उठेपर्यंत दोन लोनची वीस झाली होती आणि आमचे चेअरमन बेळगावच्या गाडीत बसताना दोघातिघांनी डोळ्यांनी पाहिले होते.

चेअरमन बिचारे आत, मॅनेजरच्या केबिनमध्ये, टॉवेलनं मान पुसत बसले होते. दस्तगीर कोपऱ्यात उभा. भैरूला बघताच नानासाहेब उठले.

"ये! ये बाबा! बँकेचं नाव काढलंस. आता दरवाजावरची पाटी काढायची तेवढी राहिलीय!"

"साब, मी लिहिलं त्यात चूक काय हाय ते सांगा," दस्तगीर म्हणाला. "दोन लोन दिलं का न्हाई? दिलं. कारखाना बुडाला का न्हाई?"

"तू गप रे! वर अभिनंदन लिहितो!" नानासाहेब पुन्हा भैरूकडं वळले. "आज दुपारी संचालकांची बैठक आहे. तुझी ऑर्डर टाईप करून ठेवलीय. ही बघ. आता तूच सांग मला, दुपारी इथं बँक राहिली नाही, तर मी सही कशाखाली करू? आणि राहिली, तर संचालक विचारतील, ज्याच्या एका फोननं गाव दारात आलं, त्याला कायम करायचा का कायमचा घालवायचा?"

भैरूच्या हातातला चषक हळूहळू खाली आला. खिडकीतून रांग दिसत होती, आणि रांगेत पासबुक पंख्यासारखं हलवत उभे असलेले कंट्रोलर थोरात दिसत होते.

नानासाहेब खुर्ची घेऊन पायरीवर गेले आणि खुर्चीवर उभे राहिले. भाषणाची त्यांना सवय होती.

"बंधूंनो! हे लोन म्हणजे ते लोन नव्हे!"

"मग कुठलं? घरबांधणीचं?" मागून कुणीतरी ओरडलं.

"कबड्डीतला लोण! खेळातला!"

"आमच्या पैशाचा खेळच केलाय की!"

रांगेत आमच्या हायस्कूलचे निवृत्त मराठीचे मास्तर होते. ते पुढं सरसावले. "अहो, व्याकरण बघा! 'दोन लोन दिले' असं लिहिलंय. कर्ज असतं तर 'दिली' लिहिलं असतं. कर्ज नपुंसकलिंगी. म्हणजे हा खेळातलाच लोण!"

"मास्तर, पैसा बुडाल्यावर लिंग बघत न्हाईत," सायकलवाला रज्जाक म्हणाला. मास्तरांनी मान डोलावली आणि पुन्हा रांगेत आपल्या जागी जाऊन उभे राहिले.

रांगेत सगळ्यात पुढं, घरून आणलेल्या स्टुलावर, गुळाचे अडत व्यापारी भूपालअण्णा मगदूम बसले होते. साठीचे, पांढरं धोतर, आणि धोतराच्या वर नांदतं पोट. माझ्या पिग्मीतलं पहिलं दुकान त्यांचं. मी त्यांच्या कानाशी लागलो.

"अण्णा, तुम्हीसुद्धा? तुम्ही तर तरुणपणी हुतुतू खेळलाय. लोण म्हणजे काय हे तुम्हाला सांगावं लागतंय होय?"

"मला कशाला सांगतोस?" अण्णा म्हणाले. "मी काल फळा वाचला तेव्हाच म्हटलं, शाबास पोरांनो!"

"मग रांगेत का?"

"अरं, मला कळतंय. पण माझ्या मागच्या ह्या लोकांस्नी कुठं कळतंय? ते आपले काढणार. सगळ्यांनी काढल्यावर माझ्यासाठी काय उरणार, फळा? म्हणून मी पहिला."

मी त्यांच्या मागच्या माणसाला विचारलं. तोही हेच म्हणाला. त्याच्या मागचाही. अर्ध्या रांगेला खरं काय ते ठाऊक होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला ते ठाऊक नाही या खात्रीवर ती उन्हात उभी होती. अशा रांगेला भाषण देऊन काय उपयोग?

हे मी आत येऊन सांगितलं. नानासाहेबांनी पुन्हा टॉवेल घेतला. भैरू मात्र माझ्याकडं टक लावून बघत राहिला.

"म्हणजे काका, एकेकट्याला सांगून भागायचं न्हाई. समद्यांनी एकदम बघाया पायजे. समोरच्यानं बघितलं, हे बी बघाया पायजे."

"काय बघायला पाहिजे?"

"लोन."

तो आत गेला आणि फक्कीची पिशवी घेऊन आला. मैदान आखायची पांढरी भुकटी. बँकेत स्टेशनरीच्या कपाटात चेकबुकांच्या शेजारी ती कायम असायची. पटांगणात जाऊन त्यानं चालता चालता चार रेघा मारल्या, मधोमध एक आडवी ओढली. रांगेच्या माना एकदम तिकडं वळल्या.

"या की! रांगेतलं पहिलं सात जण या! मी एकटा. तुम्ही सात. तुम्हाला लोन देऊन दावतो. मग सांगा ह्यात कुणाचा रुपाया बुडाला ते!"

कुणी हललं नाही. खेळायची हौस डोळ्यांत दिसत होती, पण पाय रांगेत रुतलेले.

"रांग सोडली की नंबर गेला," रज्जाक म्हणाला.

"तर काय! ह्यो डावच हाय बँकेचा. आपल्याला बाहेर काढायचा."

तेव्हा भूपालअण्णा स्टुलावरून उठले. पायातल्या चपला काढल्या, जोडीनं स्टुलाखाली ठेवल्या आणि मागं वळून म्हणाले, "हा माझा नंबर. ह्या चपलेच्या पुढं कुणी पाय टाकला, तर तीच चपल त्याच्या टाळक्यात!"

बघता बघता साऱ्या रांगेनं चपला काढल्या. पायरीपासून सायकलच्या दुकानापर्यंत नुसत्या चपलांची रांग, आपापला नंबर धरून उन्हात उभी, आणि माणसं अनवाणी चटके खात पटांगणाभोवती. खिडकीत कॅशियर पैसे घेऊन बसला होता आणि समोर एक कोल्हापुरी जोड उभा होता.

शिट्टी माझ्या गळ्यात होती, म्हणून पंच मी. सातांत अण्णा, रज्जाक, सलूनवाला विलास, एक दूधवाला, मोहोळाच्या मधाचा धंदा करणारे दोघे भाऊ, आणि शेवटी लोकांनी ढकलून आत घातलेले कंट्रोलर थोरात. थोरात खाकी पँटीच्या दुमडी वर करत म्हणाले, "मी फक्त उभा राहणार. मला हात लावायचं काम नाही."

भैरूनं मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला आणि आत शिरला. "कबड्डी कबड्डी कबड्डी..."

पहिल्याच चढाईत त्यानं मधवाल्या दोघा भावांना असं टिपलं की कोण कुठून गेला हे त्यांनाच कळेना. "गेले!" मी ओरडलो. "खातं बंद!" गर्दीतून कुणीतरी पुरवणी जोडली, आणि त्या दिवसातला पहिला हशा पिकला. दूधवाला पळता पळता स्वतःच रेघेबाहेर गेला. "दुधात पानी, पायात पानी!" बायका ओरडल्या. विलासनं बरी झुंज दिली, पण भैरूनं जाता जाता त्याच्या टाळूवर टपली मारली. रज्जाकनं खरोखरच कमरेला मिठी घातली होती, पण मासा निसटावा तसा भैरू निसटला आणि रज्जाकच्या हातात शर्टाचं बटण राहिलं.

मग थोरात. भैरू त्यांच्यासमोर आला आणि थबकला. दम चालू होता, कबड्डी कबड्डी, पण हात पुढं होईना. होणाऱ्या सासऱ्याच्या अंगाला हात कसा लावायचा? तेवढ्यात भैरू वाकला, दोन्ही हात थोरातांच्या पायांना लावले, आणि तसाच मागं उडी मारून रेघेपार गेला. नमस्कारही झाला आणि बादही. थोरात आशीर्वादाला हात वर करून उभे होते, तो हात तसाच राहिला.

आता हशाला काही हद्द नव्हती. पायरीवरून नानासाहेब ओरडले, "बघा! सहा गेले! राहिला एक! हा एक गेला की त्याला म्हणायचं लोण! नीट बघून घ्या!"

उरले होते भूपालअण्णा. त्यांनी धोतराचा काचा मारला, टोपी काढून माझ्याकडं दिली आणि कोपऱ्यात गुडघ्यावर हात ठेवून उभे राहिले.

"अण्णा, पोट आत घ्या, पहिलं तेच बाद व्हईल!" गर्दीतून आवाज आला.

"घेतलंय आत. हे उरलेलं हाय," अण्णा नजर न हलवता म्हणाले.

भैरू आत आला. डावीकडं झुलला, उजवीकडं झुलला. अण्णा गुळाच्या ढेपेसारखे जागच्या जागी. भैरूनं हात पुढं केला, मागं घेतला. पुन्हा केला. मग पायाचा अंगठा त्यानं सापासारखा सरकवला अण्णांच्या गुडघ्याकडं.

अण्णा खाली बसले. कोसळले म्हटलं तरी चालेल. पण कोसळले ते नेमके त्या पायावर, आणि धुरळा खाली बसला तेव्हा भैरूचा घोटा अण्णांच्या दोन्ही हातांत होता आणि अण्णांचं पोट भैरूच्या गुडघ्यावर. भैरू पालथा पडून पुढं सरकत होता, फक्कीच्या रेघेकडं बोटं ताणत होता. कबड्डी, कबड्डी, कब... बोटांत आणि रेघेत वीतभर अंतर होतं. दम तुटला.

मी शिट्टी वाजवली. "चढाईपटू बाद!"

क्षणभर कुणाला कळलंच नाही काय झालं ते. मग रज्जाक ते बटण वर धरून नाचायला लागला. "म्हणजे लोन दिलाच न्हाई! अरं, बँकेनं लोन दिलाच न्हाई!"

"न्हाईच दिला! आमी डोळ्यांनी बघितलं!"

"जिला अण्णांना एक लोन देता येईना, ती कारखान्याला दोन देतीय व्हय!"

"बुडायची तरी ताकद हाय का हिच्यात!"

लोक पोट धरधरून हसत होते. पायरीवर नानासाहेबही आधी संकोचून आणि मग मोकळे हसले. ज्या शब्दानं घात केला होता, त्याच शब्दाची लोकांनी आता टर उडवायला घेतली होती. अण्णांना खांद्यावर घ्यायचं ठरलं. चौघांना झेपेना म्हणून आठ लागले. कुठून तरी हलगी आली. मिरवणूक बाजारपेठेकडं निघाली, तसे लोक धावत येऊन आपापल्या चपला पायांत सरकवायचे आणि खिडकीकडं पाठ करून हलगीमागं पळायचे. तिथं उभं राहून पैसे काढणाऱ्यापेक्षा, अण्णांची पकड जवळून बघितली होती असं सांगणाऱ्याला जास्त भाव आला होता.

"अण्णा, पैसे काढायचे ना?" नानासाहेबांनी हात जोडून विचारलं.

"आज पकड केलीय. आज दुसरं काही धरायचं न्हाई," अण्णा वरून म्हणाले. स्टूल मात्र त्यांनी आठवणीनं मागून घेतलं.

दुपारी संचालकांची बैठक झाली. मी बाहेर बाकावर, भैरू माझ्याशेजारी, नखं खात. दार उघडं होतं आणि नानासाहेबांचा आवाज काही हळू नव्हता.

"अहो, हंगामभर ज्याचा घोटा कुणाला मिळाला नाही, तो आमच्या गूळवाल्या अण्णांना मिळतो होय? जरा डोकं चालवा! पोरगं मुद्दाम सापडलं! अण्णांना बाद केलं असतं तर खातेदार हरला असता. हरलेला माणूस चिडतो, आणि चिडलेला खातेदार पैसे काढतो. भैरूनं स्वतःचं नाव घालवलं आणि बँकेचं राखलं. असली अक्कल चढाया करण्यात वाया घालवायची नाही. मी तर म्हणतो, ठेव विभागातच घ्या."

आत टेबलावर थापा पडल्या. भैरू उठून काहीतरी बोलायला दारापर्यंत गेला, तर नानासाहेबांनी त्याला मिठीच मारली. "बोलू नकोस! मोठी माणसं बोलत नाहीत!"

संध्याकाळपर्यंत तीच कथा गावभर झाली. पोरानं बँकेसाठी हार पत्करली. थोरातांनी स्टँडवरच्या माईकवरून मिरज गाडीची घोषणा करता करता मधेच, "आमचे जावई," असा शब्द वापरल्याचं मी तिघांकडून ऐकलं.

भैरू मला चहाच्या टपरीवर गाठून म्हणाला, "काका, घोळ झालाय. मी मुद्दाम-बिद्दाम काही न्हाई केलं."

"माहीत आहे. शिट्टी माझ्या तोंडात होती."

"मला उठताच येईना हो. वर पोतं टाकल्यागत. सुटायला मी जिवाचं रान केलं. नानांना सांगायला गेलो, तर म्हणतात, तुझा हा विनय मला आवडला. प्रभाच्या बापाला सांगितलं, तर त्यांनी डोळा मारला! जितकं खरं बोलावं तितका मी मोठा होतोय."

"मग थांब की. नाहीतर उद्या पुतळा बसवतील."

"पण अण्णांचं काय? धरलं त्यांनी खरंच, आन् नाव झालं माझं," तो म्हणाला. मी आणखी दोन चहा सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणं अण्णांच्या दुकानात गेलो. अण्णांच्या दोन्ही कोपरांना हळद लावलेली. गुळाच्या ढेपांमध्ये ते राजासारखे बसले होते. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एकजण ओरडला, "काय अण्णा! पोरानं सोडलं म्हणे तुम्हाला! बँकेच्या पुण्याईनं जिंकलात!"

अण्णा हसले. "तर काय! मोठं मन पोराचं," त्यांनी ओरडून उत्तर दिलं. तो गेला. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मुद्दाम सापडलेला गडी ओढत नसतो, पोतदार. ओढत असला तरी हाताला कळतं. तो म्हशीगत ओढत होता." त्यांनी आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघितलं. "ह्या वयात, ह्या पोटानं, मी त्याला धरला. असा गडी माझ्या उमेदीतबी कधी घावला नव्हता."

"मग तसं सांगत का नाही लोकांना? मी पंच आहे, मी साक्ष देतो."

"आणि मग? नाना म्हणणार, गूळवाल्यानं धरलेला चढाईपटू आम्हाला काय करायचाय. आणि थोरात कसला माणूस हाय ते तुला ठाऊक न्हाई? फलाटाला लागलेली गाडीबी मागं घेईल तो." अण्णांनी रोजची पिग्मी माझ्या हातावर ठेवली. "गप बस. तुझ्या त्या शिट्टीसकट."

उन्हाळ्यात भैरूचं लग्न झालं. बँकेचे सगळे होते. दस्तगीरनं मांडवाच्या दारावर स्वागताचा फळा लिहिला. लिहून झाल्यावर नानासाहेबांनी तो स्वतः तीनदा वाचला आणि मगच लोकांना आत सोडलं. जेवणाआधी नवरा-नवरी थोरामोठ्यांच्या पाया पडत फिरत होती. अण्णांपाशी भैरू आला, प्रभासह वाकला.

"बेतानं वाक," अण्णा त्याच्या कानाशी म्हणाले, पण मला ऐकू आलं. "परत धरीन."

भैरू वाकला तो बराच वेळ वर उठला नाही. उठला तेव्हा डोळे पुसत होता आणि हसतही होता. प्रभाला काही कळलं नाही. फोटोवाल्याला वाटलं, अक्षता डोळ्यात गेल्या.

माझ्या सवयीनं मी पंगतीला बसल्या बसल्या हिशोब मिटवला. भैरूला नोकरी, थोरातांना हवा तसला जावई, बँकेला तिच्या ठेवी, आणि नानासाहेबांना माणसं पारखणारा चेअरमन असं नाव. सगळ्यांच्या खात्यावर जमाच जमा. ज्या एका माणसाच्या नावे हे सारं खर्ची पडलं होतं, तो माझ्यासमोरच्या पाटावर बसून वाढप्याला म्हणत होता, "अरं, जिलेबी इकडं परत फिरव की. कोपऱ्यातल्या गड्याला विसरायचं असतं व्हय?"